हलक्या बोडीची वाइन

"माझ्या बोडीत दारू कोनं बुडवली? कोनं बुडवली, मनतो मी! समोर या!"

सोमाजीभाऊंचा हा आवाज केशोरीच्या अलीकडल्या त्या बोडीवरून निघाला, आमच्या गोंदियाकडल्या प्रतापगडाच्या डोंगरावर आपटला आणि परत येता येता वाटेतल्या चार गावांची कुत्री उठवून आला. माझ्या बोलण्यातलं अर्धं वजा करून ऐकायचं, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. करा वजा. दोन गावांची कुत्री तरी उरतातच.

मी नुकताच ऑटोतून उतरत होतो. होळी होऊन गेलेली, ऊन सकाळीच पाठीवर थापा मारत होतं, आणि माझ्या अंगात काळं जाकीट, गळ्यात बो. पाळीवर सोमाजीभाऊ उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक ओलाचिंब कागद. त्यावर द्राक्षाचा घड आणि इंग्रजी अक्षरं. तो कागद पाण्यात सुटून तरंगत काठाला लागला होता. त्यांच्यामागं त्यांची बायको सगुणाबाई, तोंडाला पदर लावून. आणि खाली पाण्याच्या कडेला त्यांची मुलगी विशाखा आणि जावई टॉम. हा टॉम न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडं द्राक्षं पिकवतो आणि त्यांची लाल वाइन करतो.

"विशाखा, हे तुह्या नवऱ्याचं काम?"

"नाही बाबा! बाटल्या इथं कशा आल्या, आम्हाला माहीतच नाही."

"कायले खोटं बोलतं वं?" सगुणाबाईंचा पदर खाली आला. "तूच तं सांगतलं."

"मी? मी काय सांगितलं?"

"काल नागपुरातून फोन केलता ना. खोका जीपमध्ये पुढं पाठवून राहिली, हलक्या बोडीत थंड जागी ठेव मनलं. आता आपल्या बोड्या दोन. मोठीत ठेवल्या असत्या तं माझी चूक. हलकीतच ठेवल्या मी. मासोळीच्या जाळीत बांधून."

विशाखानं कपाळावर हात मारला. "आई! हलक्या बॉडीची आहे, म्हटलं होतं! बॉडी!"

"मंग मी का मनली? बोडीच तं मनली!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी जरा थांबतो. आमच्याकडं मोठ्या तलावाला तलाव म्हणतात आणि शेताच्या डोक्यावर मातीची पाळ घालून अडवलेल्या लहान तळ्याला बोडी. सोमाजीभाऊ कोहळी समाजाचे. तलाव बांधणं हे त्यांच्या रक्तात. त्यांच्या पूर्वजांनी पाळी घातल्या नसत्या तर आम्ही आज धानाऐवजी दगड शिजवून खाल्ले असते. आणि वाइनची 'बॉडी' म्हणजे ती तोंडात घेतल्यावर किती जड लागते ते. ताक हलकं, दूध मधलं, बासुंदी जड. बस, एवढंच. हे शिकवायला बड्या हॉटेलवाल्यांनी मला तीन महिने टाय बांधून बाकावर बसवलं होतं.

मी हसलो. ऑटोचा टायर फुटावा तसा हसलो. मग पाहिलं, तर दुसरं कोणीच हसत नव्हतं. सोमाजीभाऊंनी तो कागद मुठीत चुरगळला.

"अन् घरात काऊन नाही ठेवल्या?" त्यांनी बायकोला विचारलं.

"घरात ठेवल्या असत्या तं तुमी घर डोक्यावर घेतलं असतं. मनून बाहेर ठेवल्या."

"दुपारच्या जेवनाआधी सारं बाहेर काढा," एवढं बोलून सोमाजीभाऊ पाळीवरच खाली बसले.

मी तिथं कशाला गेलो होतो, ते सांगतो. माझा जन्म गोंदियाचा आणि धंदा वाइन वाढण्याचा. म्हणजे माशाला झाडावर चढायची नोकरी. नागपूर झालं, मुंबई झाली, शेवटची वर्षं नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये गेली. लोकांना वाटतं, वाइन वाढणं म्हणजे बूच उपटणं. बूच तर माकडही उपटतं. आमच्या रिसॉर्टवर एकानं उपटलंही होतं, आणि मॅनेजरपेक्षा सफाईनं. खरं काम आहे माणसाच्या ताटात काय आहे ते पाहून त्याच्या ग्लासात काय पडावं ते ठरवणं, आणि तरी ते त्यानंच ठरवलं असं त्याला वाटू देणं.

माझ्या हातून लाल वाइनचे दोन गोंधळ झाले आणि त्यांतूनच मी शिकलो. पहिला गोंधळ 'रूम टेम्परेचर'चा. पुस्तकात लिहिलंय, लाल वाइन खोलीच्या तापमानाला वाढावी. पण खोली कोणाची? ज्यानं लिहिलं त्याच्या खोलीत लोक शेकोटीजवळ बसतात. आमच्या गोंदियात मे महिन्यात चप्पल रस्त्यावर काढून ठेवली, तर परत येईपर्यंत ती डांबराच्या मालकीची झालेली असते. त्या खोलीतली वाइन म्हणजे काढाच. माझा नियम साधा: लाल वाइन माठातल्या पाण्याइतकी गार हवी. फ्रीजइतकी नाही, माठाइतकी.

दुसरा गोंधळ गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या सेठजींचा. त्यांनी सावजी मटण मागवलं आणि म्हणाले, "दामू, सबसे तगड़ी लाल लाओ." मी गरम मुलखातली काळीकुट्ट, जड वाइन ओतली. पुस्तकात लिहिलं होतंच, तांबडं मटण, तांबडी वाइन. पहिल्याच घोटाला सेठजी उठून उभे राहिले. "ये दारू है के केरोसिन?" कानांतून धूर आला. वजा करा, वाफ आली. पुढं मला कळलं की जड वाइनमध्ये दारूचा जोर जास्त, तुरटपणा जास्त, आणि तिखटावर दोन्ही पडले की आगीत तेल.

मग एका पाहुण्यानं अर्धी बाटली टेबलावर सोडली. थंड देशातली लाल, नाव पिनो न्वार. रंग इतका फिका की मला वाटलं, आमच्याच कोणीतरी पाणी घातलंय. आम्ही मागं स्वयंपाकघरात वाळवलेल्या सात्यांची भाजी घेऊन बसलो होतो. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या आमच्या अळंब्या. एक घास, एक घोट, आणि मी ताडकन उभा राहिलो. आचारी ओरडला, "काय झालं? इंचू चावला?" मी म्हणालो, "नाही बे. चारं!"

चारं म्हणजे चारोळीची पिकली फळं, काळी, आंबटगोड. लहानपणी जंगलात ओंजळी भरून खाल्लेली. तोच वास त्या ग्लासात. थंड हवेत द्राक्षाला ऊन जेमतेम भेटतं, म्हणून ते सावकाश पिकतं. त्याचा आंबटपणा जात नाही, गोडी चढत नाही, दारूचा जोरही कमी राहतो. अशी लाल वाइन ताटातल्या घासाशी भांडत नाही. भाकरीजवळ कांदा बसावा तशी बसते. मासोळीशी चालते, सात्यांशी तर नातं लावते, आणि बेताच्या तिखटालाही सांभाळून घेते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. नोकरीभर मी पाहुण्यांना "चेरी, रास्पबेरी" सांगत आलो. पुस्तकात तेच होतं. दोन्ही फळं मी झाडावर कधी पाहिली नाहीत. जिभेवर चारं, जांभळं, करवंदं आणि तोंडात चेरी. कोणी ऐकणारं असतं, तर मी त्यांना जंगलातूनच फिरवून आणलं असतं. फक्त एका मुलीनं मला विचारलं होतं, "काका, तुम्हाला खरंच चेरीचा वास येतो का?" ती विशाखा. हॉटेलचं शिकून आमच्या रिसेप्शनवर लागली होती. पुढं न्यूझीलंडला गेली, द्राक्षाच्या मळ्यावर काम धरलं आणि मळेवाल्याशीच लग्न केलं.

आदल्या दिवशी तिचाच फोन आला होता. "दामूकाका, परवा आम्ही परत जातोय. बाबा टॉमसोबत एकदाही जेवायला बसले नाहीत."

त्यांच्या घरची रीत अशी, की नव्या जावयाच्या पंगतीत सासऱ्यानं सोबत बसून घास घेतला की तो घरचा झाला. तोवर पाहुणा. आणि सोमाजीभाऊ रोज काहीतरी काढून शेतावर निघून जात. कधी बांध फुटला, कधी बैल सुटला. "या आठवड्यात आमचे जितके बैल सुटले ना काका, तितके आमच्याकडं बैलच नाहीत," विशाखा म्हणाली आणि मग फोनवर रडली. टॉमनं स्वतः केलेली वाइन पाठवली होती, ती नागपुरात खोळंबून आता सुटली होती. तिच्या मनात होतं, शेवटचं जेवण करावं, प्रत्येक पदार्थासोबत टॉमची एकेक वाइन ठेवावी, आणि बाबांना दिसावं की ही भट्टीची दारू नाही, शेती आहे. वाढायला मी.

कोट घालून मी निघालो, तो असा बोडीवर पोचलो.

आधी स्वयंपाकघरात गेलो. सगुणाबाईंच्या हातात मिरचीची मूठ होती.

"बाई, जरा बेतानं. ही वाइन नाजूक आहे."

"तुमच्या दारूसाठी मी रस्सा पांचट करू का, दामूभाऊ? मिरची नसन तं कोंबडाच मनन, मी काऊन मेलो?"

अर्ध्या मुठीवर तह झाला. मग चुलीकडं पाहत त्या हळूच म्हणाल्या, "यांचा लहान भाऊ होता. हरी. मोहाची पिऊन त्याच बोडीत पडला. वीतभर पानी होतं, दामूभाऊ. वीतभर. सकाळी यांनीच काढला. मले काल ते ध्यानातच नाही आलं पाहा. मी आपली जाळी बांधून मोकळी झाली."

मग मात्र त्यांनी तो कागद मुठीत का चुरगळला, ते मला समजलं. माझ्या मागोमाग आत आलेल्या विशाखालाही काका वारले एवढंच माहीत होतं. बोडीचं कोणी तिला सांगितलंच नव्हतं. तिनं बाहेर जाऊन टॉमला सांगितलं. त्यानं बोडीकडं पाहिलं. मग दोन शब्द बोलला, ते तिनं मला मराठीत दिले: "एकही बाटली उघडायची नाही."

खरं सांगू, माझा जीव गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या मातीचं जेवण आणि थंड हवेची लाल वाइन एका ताटाशी रीतसर येत होती, आणि बूच बंद. पण त्या पोराचं तोंड पाहून मी गुपचूप जाकीट काढलं, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि त्याच्यासोबत पाण्यात उतरलो.

जाळी मिळाली, पण फाटलेली. सहापैकी पाच बाटल्या हाताला लागल्या, लेबलं गळून उघड्याबंब. सहावी काही सापडेना. मी चिखलात हात घालायचो आणि दर वेळी मासोळी मला गुदगुल्या करून जायची. एका मुरेल मासोळीनं तर माझा बो ओढला. हे वजा करू नका.

"ठेवा राहू," मी म्हणालो.

"काच राहू देऊ बोडीत?" पाळीवरून आवाज आला. "उद्या म्हशी बसतीन. बायांचे पाय कापतीन." आणि सोमाजीभाऊंनी काठी ठेवली, धोतर खोचलं आणि उतरले.

त्या माणसाला पाण्याखालचा एकेक खड्डा पाठ. सरळ तुडुमाकडं गेले, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाकडं. "गडगडलं का सारं इथीच येते," म्हणत वाकले आणि बाटली वर काढली. वर पाहतात तो टॉम शेजारी उभा, बोटांवर चिखल घेऊन चोळतोय, हुंगतोय. मग त्यानं जिभेला लावला.

"हा माती कायले चाटते वं?"

"त्यांच्याकडं माती ओळखूनच द्राक्ष लावतात, बाबा."

टॉमनं इंग्रजीत काही विचारलं. विशाखा म्हणाली, "पाळ झिरपते का, विचारतोय. त्याच्याकडंही उतारावर तळं आहे, ते एका कोपऱ्यात झिरपतं."

"झिरपते तं झाडं लावली असन पाळीवर. मुळ्या आत घुसतेत. सांग त्याले."

तिनं सांगितलं. टॉमनं मान खाली घातली. झाडं लावलीच होती.

"अन् तळ्याचं पानी कायले लागते याले? धान थोडीच आहे!"

मग टॉम बोलत राहिला आणि विशाखा सांगत राहिली. तिकडं द्राक्षाला नवे कोंब फुटतात तेव्हा पहाटे हिव पडतं आणि कोंब जळून जातात. म्हणून त्या वेळी मळ्यावर तळ्याचं पाणी उडवत राहायचं. पाणी कोंबावर गोठतं, त्याचं कवच होतं आणि आतला कोंब वाचतो.

सोमाजीभाऊ कमरेएवढ्या पाण्यात तसेच थांबले. "थंडीपासून वाचवायले थंडंच पानी?"

"हो बाबा."

"पहाटे उठते कोन?"

"तोच उठतो. कधी मी."

"तू?"

"मीही उठते."

त्यांनी बाटलीवरचा चिखल पंच्यानं पुसला, ती माझ्या हातात दिली आणि वर निघून गेले. विशाखानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला शिकलो होतो, पण हा चेहरा मला वाचता आला नाही.

दुपारी सपरीत, म्हणजे घराच्या पडवीत, पानं वाढली, पानांशेजारी काचेचे रिकामे ग्लास. टॉमचे पाय इतके लांब की मांडी घातल्यावर गुडघे मांडवाच्या बांबूंसारखे वर. बोडीतली मासोळी, वाळल्या सात्या, गावरान कोंबडा, लाखोरीच्या डाळीचे वडे, भात. टॉम हात मांडीवर ठेवून बसला. विशाखाही बसली. शेजारचा पाट रिकामा. सोमाजीभाऊ दारात उभे, खांद्यावर पंचा, आणि नजर अंगणातल्या बैलाकडं. बैल दोन्ही होते आणि घट्ट बांधलेले होते; ते मी सकाळीच पाहून घेतलं होतं.

भात निवू लागला. सगुणाबाई चुलीजवळून हलेनात.

"हे गिलास रिते काऊन?" सोमाजीभाऊंनी मला विचारलं.

"टॉमनं नको म्हटलं. हरीभाऊंचं त्याला कळलं."

सोमाजीभाऊंची नजर बैलावरून निघून टॉमवर आली.

"हे त्यानंच पिकवलं ना?"

"त्यानंच."

"मंग पिकवनाऱ्यानं आपलं पीक असं झाकून ठेवावं का? बरं नाही दिसत. उघडा. मले नोको. पर त्याले वाढा."

त्यांचं वाक्य संपायच्या आधी मी जाकीट चढवलं होतं. लेबलं नव्हती, तरी सहा बाटल्यांतल्या तिन्ही जाती मी नुसत्या वासावर ओळखल्या. म्हणजे मी एक नाव घ्यायचो आणि टॉमच्या भुवईकडं पाहायचो. भुवई वर गेली तर दुसरं नाव घ्यायचो. सगळ्यांत फिकी मासोळीशेजारी. चारांच्या वासाची सात्यांशेजारी. आणि थंड मुलखातली सिरा द्राक्षाची वाइन, जिच्यात काळ्या मिऱ्याची चाहूल असते, ती कोंबड्याशेजारी. आणि बोडीच्या तळाशी रात्रभर राहून बाटल्या कशा झाल्या होत्या म्हणता? माठातल्या पाण्याइतक्या. नेमक्या!

टॉमनं ग्लास फिरवला, हुंगला, लहानसा घोट घेतला आणि ठेवून दिला. सोमाजीभाऊ पाहत होते. ग्लास तिथंच राहिला.

"एवढंच?"

"एवढंच, बाबा," विशाखा म्हणाली. "आधी जेवण. हे जेवणासोबत."

"हरी एवढ्यावर थांबला असता तं..." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. पुसायला तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं.

आणि ते आत आले. पाटावर बसले. चुलीजवळ काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी त्यांच्यासमोर तसाच एक काचेचा ग्लास ठेवला आणि माठातलं पाणी ओतलं, तेही कोपर वाकवून, लेबल असल्यागत तांब्या दाखवून, मोठ्या साहेबांना वाढतो तसंच. सोमाजीभाऊंनी ग्लासाकडं पाहिलं. टॉमकडं पाहिलं. मग ग्लास उचलून तो गरगर फिरवला, त्यात नाक घातलं आणि डोळे मिटले.

पहिली सगुणाबाई हसल्या, चुलीजवळून. मग विशाखा. टॉम तर इतका हसला की त्याची मांडी सुटली आणि पाय थेट मासोळीच्या ताटलीपर्यंत गेला. सोमाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी भाताचा घास कालवला, तोंडात घातला आणि जावयाच्या पानाकडं बोट केलं: जेव.

सगुणाबाईंनी मला एक घोट चोरून मागितला, तो मी कोणाला सांगणार नाही असं वचन दिलंय, म्हणून इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला मीही गोंदियाच्या स्टेशनवर गेलो होतो. सोमाजीभाऊ आले होते, टॉमसाठी पाळीवरच्या गवताचं बियाणं पुडीत बांधून; मुळ्या उथळ, माती धरून ठेवणारं. परक्या देशाची बियाणं तिकडं उतरू देत नाहीत हे विशाखाला ठाऊक होतं, तरी तिनं पुडी घेतली आणि छातीशी धरली. गाडीची घोषणा झाली तेव्हा तिनं वडिलांचा हात धरला.

"बाबा, काल तुम्ही बसलात. तुमच्या मनात काय आलं, ते मला सांगाल?"

सोमाजीभाऊ रुळांकडं पाहत होते.

"काई नाही," ते म्हणाले. "भूक लागली होती."